कारिटाचे खरे नाव

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकले की तुळशीवृंदावनासमोर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. ते कडू, गोलसर, लिंबाएवढे फळ म्हणजे नरकासुर. कोकणात 'गोविंदा गोविंदा' म्हणत ते फोडतात आणि त्याचा रस जिभेला लावतात. घाटावर ही चाल काही घरांत आहे, काही घरांत नाही. आमच्या घरी होती. आमचे गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळच. कारिटे आणण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे होते, कारण आमच्याच शेताच्या बांधावर त्याचा एक वेल होता.

वीसएक वर्षांपूर्वी एका दिवाळीत मला बांधावर जायला सवड झाली नाही. कामानिमित्त साताऱ्यात होतो, तिथल्या बाजारातून अर्धा डझन कारिटे विकत घेऊन आलो. आईने परडीतले एक फळ उचलले, हुंगले, नखाने साल खरवडली आणि म्हणाली, "आरं, ही कारिटं न्हवंत. शेंदाडाची पोरं हायती. कारीट मुळावर जगतं, शेंदाड बियावर."

मी हसलो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसले की मी वनस्पतिशास्त्राची जुनी पुस्तके वाचत असे. कॉलेजात तो विषय कधी शिकलो नव्हतो, त्यामुळे छापलेल्या लॅटिन नावावर माझी श्रद्धा जरा जास्तच होती. पुढे काही वर्षांनी मी एका मासिकात लेख लिहिला आणि त्यात ठासून सांगितले, की कारीट आणि शेंदाड ही दोन वेगळी झाडे नाहीत. दोन्ही खरबुजाचीच रानटी रूपे, लोक उगाच दोन नावे वापरतात. लेखाचे कौतुकही झाले. आईला मी तो वाचून दाखवला नाही.

तो लेख चुकीचा होता. आज जे लिहितो आहे ती त्या चुकीची दुरुस्ती आहे आणि ती करताना एका फळाला नाव मिळण्यासाठी किती वाट चालावी लागते, हेही सांगायचे आहे.

शिवारातली नावे

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून एक चमत्कारिक उतार आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरएक किलोमीटर गेले की माण, खटाव, आटपाडी, जत ही दुष्काळी नावे लागतात. तिथे पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरे गेले म्हणतात. एवढ्या टापूत काकडी-खरबुजाच्या कुळातली जितकी पिके आणि रानवेली आढळतात, तितकी नावेही आढळतात.

काकडी सर्वांना माहीत. बाजरीच्या पिकात मिसळून टोकलेले वाळूक आता शहरात फारसे दिसत नाही, पण पन्नाशीच्या पुढच्या माणसाला त्याची चव आठवते. शेंदाड हे त्याचे अर्धे रानटी भावंड. कच्चे असताना कडवट-आंबट, पिकले की पिवळे, वासाचे, आणि हातात धरताच फुटेल इतके मऊ. या मऊपणामुळेच मराठीने भित्र्या माणसाला 'शेंदाडशिपाई' म्हटले. कोकणात उतरले की चिबूड भेटते, जे पिकले की आपोआप तडकते. त्यानंतर रानातली मंडळी. कारीट, बोराएवढ्या लाल फळांची, खरखरीत पानांची चिराटी, रेताड जमिनीवर पसरणारे कडू इंद्रावण, झाडावर चढणारे लालभडक कवंडळ.

यातले कडू इंद्रावण कलिंगडाचे नातेवाईक आहे, कवंडळ पडवळाचे. उरलेली सगळी एकाच प्रजातीत येतात. तिचे लॅटिन नाव कुकुमिस. म्हणजे काकडी आणि खरबूज एका प्रजातीतले आणि शेंदाड, वाळूक, चिबूड, कारीट ही त्यांच्या आसपासची.

लोकांची नावे आणि शास्त्राची नावे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. शेतकऱ्याचा प्रश्न असतो: हे खाता येते का? पेरावे लागते का? उपटले तर पुन्हा येते का? शास्त्रज्ञाचा प्रश्न असतो: याचा पूर्वज कोण आणि तो आणखी कोणाचा पूर्वज? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण बऱ्याचदा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर दडलेले असते, आणि ते पुस्तकवाल्याला दिसत नाही.

नाव कसे ठरते

वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश ज्यांनी चाळला असेल, त्यांना वनस्पतींच्या नोंदींची सुरुवात आठवत असेल. कंसात हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत नावे आणि शेवटी 'लॅ.' असे लिहून लॅटिन नाव. माझ्यासारख्या खेड्यातल्या वाचकाला हे 'लॅ.' म्हणजे अंतिम निकाल वाटे. प्रत्यक्षात लॅटिन नाव हा निकाल नसतो, ते एक मत असते. ते देणाऱ्याचे नाव, साल आणि पुरावा यांसकट ते मांडले जाते, आणि पुरावा बदलला की मतही बदलते.

द्विपद नावांची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली वनस्पतींना लावली, आणि त्या सालापासूनची नावेच ग्राह्य धरायची असा नंतर दंडक झाला. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. खरबूज म्हणजे कुकुमिस मेलो, काकडी म्हणजे कुकुमिस सटायव्हस. ही दोन्ही लिनियसचीच. यापुढे दोन नियम महत्त्वाचे. एक, ज्येष्ठतेचा: एकाच जातीला दोघांनी नावे दिली असतील तर आधीचे नाव टिकते. दुसरा, मूळ नमुन्याचा: प्रत्येक नाव एका ठरावीक वाळवलेल्या नमुन्याला, क्वचित एखाद्या चित्राला बांधलेले असते. वाद झाला तर वर्णनातल्या शब्दांवर न थांबता त्या नमुन्याकडे जायचे. खुंटा एका जागी रोवलेला. त्याला बांधलेली दोरी किती लांब सोडायची, म्हणजे त्या नावाखाली कायकाय धरायचे, हे मात्र अभ्यासकाच्या मतावर.

चिराटीच्या नावाचा प्रवास या नियमांचा उत्तम नमुना आहे. सतराव्या शतकात केरळातल्या वनस्पतींवर डचांचा मलबार गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्यात हा वेल 'मुक्कपिरी' या मल्याळी नावाने आहे. लिनियसने १७५३ साली या जातीला कुकुमिस मॅडरासपॅटॅनस, म्हणजे मद्रासकडचा कुकुमिस, म्हटले. नंतरच्यांना इतकी बारीक लाल फळे काकडीच्या प्रजातीत पटेनात. १८४० साली आर्नॉटने मुक्कपिरीवरून 'मुकिया' ही स्वतंत्र प्रजाती काढली. दीडशेहून अधिक वर्षे चिराटी मुकिया होती. २००७ साली रेणूंच्या अभ्यासातून दिसले, की तिला बाहेर ठेवले तर कुकुमिस हे कुटुंबच अपुरे राहते. आणि चिराटी पुन्हा कुकुमिस मॅडरासपॅटॅनस झाली. अडीचशे वर्षांनी माहेरच्या नावावर परत.

एका फळाची चार नावे

कारिटाची कथा याहून गुंतागुंतीची आहे.

तमिळ मुलखात तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये योहान पीटर रॉटलर नावाचा पाद्री होता. धर्मप्रचाराबरोबर तो वनस्पती गोळा करी. १८०३ साली त्याने एका कडू रानवेलाला ब्रायोनिया कॅलोसा असे नाव दिले. कॅलोसा म्हणजे घट्टे पडलेली, निबर. दोनच वर्षांनी, १८०५ साली, बर्लिनच्या विल्डेनोने कुकुमिस प्युबेसेन्स, म्हणजे लवदार कुकुमिस, हे नाव प्रसिद्ध केले. तिसरा विल्यम रॉक्सबर्ग. पेशाने शल्यवैद्य, १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक. हिंदी चित्रकारांकडून त्याने सुमारे अडीच हजार वनस्पतींची चित्रे काढून घेतली. त्याने आपल्या वेलाला कुकुमिस ट्रायगोनस म्हटले. पण रॉक्सबर्ग १८१५ साली वारला आणि त्याच्या 'फ्लोरा इंडिका'तला हा भाग १८३२ साली छापून आला. चौथा बेल्जियमचा आल्फ्रेड कोन्यो, काकडीच्या कुळाचा त्याच्या काळातला सर्वांत मोठा जाणकार. त्याने रॉटलरचा वेल कुकुमिस प्रजातीत आणून त्याचे कुकुमिस कॅलोसस केले. तोही १९१६ साली वारला आणि हे नाव छापले गेले १९२४ साली. म्हणजे आपल्या कारिटाला चिकटलेली दोन मुख्य नावे ज्यांनी दिली, त्या दोघांनीही ती छापलेली पाहिली नाहीत.

आपल्याकडे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची लिहिली. ती आजही हाताशी लागते. हुकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिसूचीप्रमाणे कुकनेही ट्रायगोनस हेच नाव वापरले. कुक मुळात अभियंता होता. रॉटलर पाद्री, रॉक्सबर्ग वैद्य, कुक अभियंता. या विषयात माझ्यासारख्या वायरिंगवाल्याने डोके घालण्याचा धीर मला या यादीनेच दिला.

आता ज्येष्ठतेचा नियम लावून पाहा. कॅलोसस आणि ट्रायगोनस ही एकच जात असेल, तर १८०३ चे नाव टिकेल आणि ट्रायगोनस बाद होईल. दोन वेगळ्या जाती असतील, तर दोन्ही नावे टिकतील. आणि दोन्ही जर खरबुजाचीच रूपे असतील, तर १७५३ च्या मेलोपुढे दोन्ही बाद. म्हणजे नाव कोणते बरोबर, हा प्रश्न झाडे किती, या प्रश्नावर येऊन ठेपतो.

माझी चूक

विसाव्या शतकात तिसरे उत्तर जिंकत गेले. त्याला कारण होते. १८५९ साली पॅरिसच्या शार्ल नॉदँने जगभरातून आलेली खरबुजे वाफ्यात लावून वाढवली, त्यांचे संकर केले आणि वरवर अजिबात न जुळणारी फळे एकमेकांत सहज मिसळतात हे पाहून ती सगळी एका मेलोच्या दहा गटांत बसवली. काकडीसारखे लांब, नारळासारखे गोल, लिंबाएवढे वासाचे, कडू, गोड; जात एकच. हे काम इतके भक्कम होते, की पुढे लवदार प्युबेसेन्स, निबर कॅलोसस, ट्रायगोनस यांना 'मेलोची ॲग्रेस्टिस ही रानटी उपजात' या एकाच पोत्यात भरणे सोयीचे झाले. फुलाखालच्या किंजपुटावरची लव लांब आणि उभी असेल तर मेलो उपजात, आखूड आणि चिकटून बसलेली असेल तर ॲग्रेस्टिस, असे लक्षणही ठरले.

मी हेच केले. भिंग घेतले, शेंदाडाचे फूल पाहिले. लव आखूड, चिकटलेली. बांधावरच्या कारिटाचे फूल पाहिले. लव आखूड, चिकटलेली. झाला निकाल. पुस्तकाने जे पाहायला सांगितले ते मी नीट पाहिले. जे सांगितले नव्हते, ते पाहिले नाही.

काय पाहायला हवे होते? मूळ. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात फांदी असते, पान असते, नशीब असेल तर फूल आणि फळाची चकती असते. काकडीच्या कुळातले रसदार वेल वाळवणे तसेही किचकट. मूळ खणून काढून चिकटवणारा गोळा करणारा विरळा. आणि एकदा तोडलेली फांदी पुढच्या जूनमध्ये त्याच जागी फुटते का, हे कागदावर कधीच दिसत नाही. ते दिसते बांधावर, दरवर्षी तिथे जाणाऱ्याला. आईला ते पन्नास वर्षे दिसत होते. शेंदाड दिवाळीनंतर वाळून जायचे आणि पुढच्या पावसात कुठे उगवेल याचा नेम नसायचा. कारीट चैत्रात जमिनीवर दिसेनासे व्हायचे, पण वळवाच्या सरी पडल्या की त्याच दगडाखालून, त्याच जागी कोंब वर यायचे. 'मुळावर जगतं' म्हणजे शास्त्राच्या भाषेत बहुवर्षायू. 'बियावर' म्हणजे वर्षायू. तिने एका वाक्यात दोन जाती वेगळ्या केल्या होत्या.

रेणूंची साक्ष

२०१० साली जर्मनीतल्या म्युनिकच्या सुझान रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या कुकुमिसच्या सुमारे शंभर नमुन्यांचे डीएनए ताडून पाहिले. तोवर खरबूज मूळचे आफ्रिकेतले, असे धरून चालत, कारण कुकुमिसच्या बहुतेक ज्ञात रानजाती तिथल्या. निष्कर्ष उलटा निघाला. काकडी आणि खरबूज, दोन्हींचे मूळ आशियात. खरबुजाचा रानटी पूर्वज भारतात आहे. आणखी नवल म्हणजे खरबुजाची सख्खी बहीण म्हणावी अशी जात ऑस्ट्रेलियात सापडली: कुकुमिस पिक्रोकार्पस, म्हणजे कडू फळाचा कुकुमिस. दोघांची फारकत सुमारे तीस लाख वर्षांपूर्वीची. आशिया-ऑस्ट्रेलियाच्या या शाखेत किमान पंचवीस जाती निघाल्या आणि त्यांतल्या नऊ शास्त्राला नव्या होत्या.

मग २०१८ साली हान्नो शेफर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, खरबूज एकदा नव्हे, दोनदा माणसाळले. एकदा आशियात, एकदा आफ्रिकेत. या दोन रानटी शाखा सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. आज बाजारात दिसणारी खरबुजे आशियाई शाखेतून आलेली. दुसरी गोष्ट मी तीनदा वाचली. रॉक्सबर्गचा कुकुमिस ट्रायगोनस ही भारतातली दुर्लक्षित राहिलेली स्वतंत्र जात आहे. खरबुजाच्या आज जिवंत असलेल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकांपैकी एक. आणि तिची ओळख काय, तर ती बहुवर्षायू आहे आणि अवर्षण सोसते.

मुळावर जगते. आणि माण-आटपाडीच्या बांधावर जगते.

निबंध मोबाइलच्या पडद्यावर होता. दुकानात कोणी नव्हते. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

इथे एक सावधगिरी. याचा अर्थ जिथे जिथे 'कारीट' हा शब्द आहे तिथे तिथे ट्रायगोनस आहे, असा नाही. साताऱ्याच्या बाजारातली ती फळे आईच्या मते शेंदाडाची पोरे होती, म्हणजे मेलोचे रानटी रूप. पण विकणाऱ्यासाठी ती कारिटेच होती. विधीला फळ गोल, कडू आणि पायाखाली फुटणारे हवे. त्याच्या मुळाशी विधीला कर्तव्य नाही. राजस्थानात भाजीत घालतात ती काचरी बऱ्याच लिखाणात कॅलोसस या नावाने येते आणि आपल्याकडचा कडू, अखाद्य वेलही त्याच नावाने येतो. लोकनाव एक आणि झाडे दोन, किंवा लॅटिन नाव एक आणि झाडे दोन; दोन्ही प्रकारचे घोटाळे आहेत. लोकांचे सगळे बरोबर आणि पुस्तकांचे सगळे चूक, असे मला म्हणायचे नाही. आईच्या वाक्यात खरे शास्त्र होते, कारण तिने नावावर न थांबता मूळ पाहिले होते.

काकडीची रानातली बहीण

हाच प्रकार काकडीच्या बाबतीत सोपा आहे, म्हणून तुलनेसाठी सांगतो. सहारनपूरच्या उद्यानाचे काम पाहिलेल्या जॉन फोर्ब्स रॉईल याने हिमालयाच्या पायथ्याच्या एका रानकाकडीला १८३५ साली कुकुमिस हार्डविकी असे नाव दिले. हार्डविक हा कंपनीच्या तोफखान्यातला अधिकारी आणि हौशी निसर्ग अभ्यासक. ही रानकाकडी सह्याद्रीतही आहे. फळ अंड्याएवढे, हिरव्यावर फिकट पट्टे, चव जहर कडू. ओझरते पाहणाऱ्याला ते कारीटच वाटते. पण काकडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या सात जोड्या, खरबुजाच्या पेशीत बारा. हार्डविकीच्याही सातच, आणि काकडीशी तिचा संकर विनासायास होतो. म्हणून आज तिला स्वतंत्र जात न मानता काकडीचाच रानटी प्रकार मानतात. दोन कडू गोल फळे. एक काकडीच्या पोटात गेले, दुसरे खरबुजाच्या पोटातून बाहेर आले. न्याय दोघांनाही एकाच कसोटीने मिळाला.

कडवटपणा मात्र सर्वांचा एकच. त्या द्रव्यांना कुकर्बिटासिन म्हणतात. जनावरांनी आणि किडीने खाऊ नये म्हणून वेलाने केलेली ती तटबंदी. माणसाने हजारो वर्षे कमी कडू फळाचे बी राखत ती तटबंदी उतरवली, तेव्हा काकडी आणि खरबूज झाले. म्हणून नरकचतुर्दशीला रस जिभेला लावणाऱ्यांनी तो गिळू नये. या द्रव्यांनी उलट्या-जुलाब होतात.

सातारा की सांगली

संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या लेबलांवर स्थळ म्हणून नुसते 'सातारा जिल्हा' लिहिलेले असते तेव्हा मला नेहमी गंमत वाटते. इंग्रजी अमदानीतल्या सातारा जिल्ह्यात तासगाव, वाळवा, शिराळा आणि आमचे खानापूरही होते. आटपाडी औंध संस्थानात, जत स्वतःच संस्थान. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. माती तीच, बांध तोच, वेल तोच. नाव दोनदा बदलले. शंभर वर्षांपूर्वीचे लेबल वाचून आज कोणी सातारा जिल्ह्यात तो वेल शोधू लागला, तर त्याला सापडणार नाही. तो सांगलीत असेल. वनस्पतीच्या नावांचेही असेच आहे. जुने नाव खोटे नसते, पण ते कोणत्या सालचे, कोणत्या हद्दीचे, हे ठाऊक नसेल तर माणूस चुकीच्या शिवारात फिरत राहतो.

नावाने काय बिघडते

कोणी विचारील, एका कडू फळाचे नाव मेलो असले काय आणि ट्रायगोनस असले काय, बिघडले कुठे?

१९२० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीतल्या खरबुजांवर भुरी रोग पडला आणि मळे बसू लागले. तिथल्या संशोधकांना भुरीला दाद न देणारे बियाणे मिळाले ते भारतातून गेलेल्या खरबुजांत. त्या संकरातून १९३६ साली पी.एम.आर. ४५ हा वाण निघाला आणि तिथला धंदा सावरला. आपल्याकडच्या कुठल्या तरी शिवारातल्या, कदाचित कोणी फेकूनही दिले असते अशा फळाने एक परमुलखी पीक वाचवले. उद्या पाऊस आणखी लहरी झाला तर खरबुजाला तहान सोसण्याची ताकद कुठून आणायची? मुळावर जगणाऱ्या, अवर्षण सोसणाऱ्या जवळच्या नातेवाइकाकडे पाहावे लागेल. पण तो 'खरबुजाचे रानटी तण' म्हणून नोंदलेला असेल, तर त्याचे बी वेगळे राखण्याचे कारण कोणाला दिसणार? तणाचे नमुने बियाणे पेढीत आधीच पुष्कळ असतात.

जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमच्या भागातल्या एका गावची नोंदवही मी पाहिली. तिथे कारिटासमोर लिहिले होते: 'रानटी खरबूज, तण, उपयोग नाही.' मला लिहिणाऱ्याचा राग आला नाही. पहिले दोन शब्द माझ्या लेखातून घेतलेले असू शकत होते.

दरम्यान शिवार बदलले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी आमच्या दुष्काळी टापूत आणले. ज्याने टँकरमागे धावणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, तो याचे दुःख करणार नाही. मीही करत नाही. पण पाण्यामागून ऊस आला, द्राक्षबागा वाढल्या, बांध अरुंद झाले आणि त्यांवर तणनाशक फिरू लागले. बाजरीत वाळूक-शेंदाड टोकणारे आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. शेंदाड बियावर जगते, त्यामुळे ते निदान कुठेतरी पुन्हा उगवते. कारीट मुळावर जगते. एकदा मूळ गेले की तेथून ते गेले. आमच्या बांधावरचा वेल २०१४ च्या उन्हाळ्यात जेसीबीने बांध सरळ करताना गेला. बांध सरळ करायला मीच सांगितले होते. माझ्या लेखाप्रमाणे ते खरबुजाचे तण होते, कुठेही उगवणारे.

दिवाळीपर्यंत थांबा

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावी कारीट कोणत्या वेलाचे फोडतात ते या दिवाळीत पाहून ठेवा. फळ आणणाऱ्या माणसाला विचारा, वेल दरवर्षी त्याच जागी येतो का. जागा लक्षात ठेवा आणि पुढच्या वळवाच्या पावसानंतर तिथे परत जा. कोंब जाड, जुन्या मुळातून फुटलेला असेल तर एक फांदी फुला-फळासह वर्तमानपत्रात दाबून वाळवा. गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि तिथले लोक त्याला काय म्हणतात, एवढे लिहून जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्या. मूळ उपटू नका. ते आहे तिथेच असू द्या. आणि नोंदवहीत लिहिताना 'उपयोग नाही' हे शब्द गाळा.

मी स्वतः चार वर्षे माण आणि आटपाडीच्या बांधांवर फिरतो आहे. सहा ठिकाणी मुळावर जगणारा कडू वेल मिळाला, त्यांतल्या दोन ठिकाणी पुढच्या वर्षी बांधच उरला नव्हता. उरलेल्या चारांपैकी एका वेलाच्या बिया माझ्या दुकानामागच्या वाफ्यात रुजल्या आहेत. गेल्या मेमध्ये वरचा वेल पार वाळून गेला. बायको म्हणाली, गेला बघा. मी म्हटले, थांबू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी दोन कोंब वर आले.

यंदा त्याला नऊ फळे आहेत. एक पायाखाली जाईल. आठ मी बियांसाठी ठेवली आहेत.